आपण यांना पाहिलंत का?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी निवृत्तीनंतर रोज सकाळी या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात येऊन बसायचे. ज्यांना वाचता येत नसे, किंवा ज्यांची नजर अधू झालेली असे, त्यांना ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे. माझी सगळी नोकरी एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर झाली. त्यामुळे त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मी कशावर बोलावं याचा फार विचार करावा लागला नाही. वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही आणि आता हातातला फोन ही माध्यमं सकाळच्या चहापासून रात्री दिवा मालवेपर्यंत आपल्या घरात माणसं घेऊन येत असतात. त्यातली बहुतेक अनोळखी असतात आणि आपण त्यांना कधीही भेटणार नसतो. या अनोळखी माणसांतला चांगुलपणा आपल्यापर्यंत पोहोचतो का, आणि पोहोचायचा तर त्यासाठी कोणी काय करायला हवं, हा माझा आजचा विषय आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. माध्यम माणसाला आपल्या दारात आणून उभं करतं, तिथे त्याचं काम संपतं. हा कोणाचा तरी मुलगा आहे, कोणाची तरी आई आहे, असं समजून त्याच्याकडे पाहण्याचं काम आपलं आहे. ते काम आपण केलं तर अगदी साध्या माध्यमातूनही माणुसकी वाहते. नाही केलं, तर त्याच माध्यमातून माणसाचा जीवही जाऊ शकतो. दोन्ही गोष्टी आपल्या महाराष्ट्रात घडलेल्या आहेत.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमांबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. मला आठवतो तो मात्र कार्यक्रम म्हणावा इतका मोठाही नव्हता. त्याचं नाव ‘आपण यांना पाहिलंत का?’. पडद्यावर एकेका हरवलेल्या माणसाचा फोटो यायचा. कधी तो शाळेच्या दाखल्यावरचा असायचा, कधी लग्नातल्या ग्रुप फोटोतून मोठा केलेला. निवेदिका संथ आवाजात वाचत जायची: नाव, वय, उंची, बांधा, रंग, अंगावरचे कपडे, कोणत्या भाषा बोलता येतात, कोणत्या तारखेपासून बेपत्ता. आमच्याकडे आई पोळ्या लाटता लाटता उठून बाहेर यायची. पिठाचे हात तसेच वर धरून फोटो नीट बघायची आणि ‘कुणाची गं बाई लेक’ एवढं म्हणून ओट्याकडे परत जायची. मुंबईतून हरवलेली ती मुलगी आमच्या तालुक्याच्या गावी दिसण्याची शक्यता फार थोडी होती. तरीही बघितल्याशिवाय आईला राहवायचं नाही.

त्या निवेदनात काय नसायचं तेही लक्षात घ्या. माणूस घरातून का गेला हे सांगितलं जायचं नाही. भांडण झालं होतं का, परीक्षेत नापास झाला होता का, चूक कोणाची, यातला एक शब्द नाही. असायच्या त्या फक्त खुणा. डाव्या गालावर तीळ, उजव्या हातावर भाजल्याचा व्रण, बोलताना थोडं अडखळतो. अशा खुणा जवळून पाहणाऱ्यालाच ठाऊक असतात. तीळ डाव्या गालावर आहे हे सांगणारं कोणीतरी मागे घरात बसलेलं आहे, हे त्या एका ओळीवरून कळायचं. ज्या पडद्यावर मंत्री आणि नट दिसत, त्याच पडद्यावर काही क्षण एका भ्रमिष्ट म्हाताऱ्यासाठी राखलेले असत आणि सगळं राज्य त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष देऊन बघत असे. सार्वजनिक माध्यमाने आपल्याला दिलेलं हे मोठं शिक्षण होतं, असं मी मानते.

वर्तमानपत्रातही अशा जाहिराती येत. मी काम करत होते तिथे छोट्या जाहिरातींचा काउंटर डेस्कला लागूनच होता. मुलगा निघून गेलेले आई-वडील मजकूर लिहून आणायचे. तू असशील तिथून घरी ये, आईने अंथरूण धरलं आहे, कोणीही रागावणार नाही, अशा अर्थाच्या त्या चार ओळी असत. जाहिरातीचा दर शब्दागणिक असे. पैसे कमी पडले की काउंटरवरचा माणूस काही शब्द कमी करायला सुचवायचा. लोक पत्ता आखूड करायचे, तारीख काढून टाकायचे. ‘कोणीही रागावणार नाही’ हे शब्द काढायला मात्र तयार व्हायचे नाहीत. क्षमा करण्याबद्दल मी बरंच वाचलं आहे. पण हाताशी मोजके पैसे असलेल्या माणसाने क्षमेचे शब्द तेवढे राखून ठेवावेत, यापुढे मला ते सगळं वाचलेलं फिकं वाटतं.

रेडिओची रीत आणखी वेगळी. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. १९५५-५६ मध्ये तिथून गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झालं. लोक रेडिओसंचाला हार घालून ऐकायला बसत, हे आपण सगळ्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं आहे. सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देत तेव्हा पूर असो की निवडणूक, आवाज चढत नसे. ऐकणाऱ्याला घाबरवायचं नाही, समजावून सांगायचं, ही त्या आवाजातली अदब होती. आणि ‘आपली आवड’मध्ये गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचली जात. एकच गाणं चंदगडच्या कोणाला हवं असे आणि चाळीसगावच्याही कोणाला. आपल्याला आवडतं तेच तिकडे कोणा अनोळखी माणसाला आवडतं, एवढ्यानेही तो माणूस जवळचा वाटायचा.

आता वर्तमानपत्राकडे वळते. चांगल्या बातम्या का छापत नाही, हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर वर्तमानपत्राच्या स्वभावात आहे. नेहमीपेक्षा वेगळं जे घडलं ते कळवायचं, हे त्याचं काम. एसटीचा कंडक्टर दिवसभर शेकडो प्रवाशांना सुटे पैसे मोजून परत देतो, म्हाताऱ्या बाईचं गाठोडं वर चढवून देतो, त्याची बातमी होत नाही. ज्या दिवशी बसमध्ये हाणामारी होते त्या दिवशी होते. म्हणजे बातमीत येतो तो अपवाद, आणि चांगुलपणा बातमीत येत नाही कारण तो रोज घडतो. हे समजून वाचणाऱ्याला वर्तमानपत्र निराश करत नाही. पण पहिलं पानच तेवढं वाचून पेपरची घडी घालणाऱ्याला काही वर्षांनी तो अपवादच जगाचा नियम वाटू लागतो. शेजाऱ्याकडे तो संशयाने पाहतो, आणि त्याला ते शहाणपण वाटतं.

पान लावताना आमच्या हाताखाली चांगुलपणाच्या बातम्या येत नसत असं नाही. रिक्षात राहिलेली दागिन्यांची पिशवी चालकाने परत केली, विहिरीत पडलेल्या मुलाला एका बाईने वाचवलं, अशी एखादी बातमी तालुक्याचा बातमीदार रोज पाठवायचा. ती सिंगल कॉलमात, आतल्या पानाच्या तळाशी बसायची. जागा उरली तर ती भरायला तिचा उपयोग व्हायचा आणि रात्री उशिरा एखादी जाहिरात आली की सगळ्यांत आधी तीच उतरायची. बहुतेक दैनिकांत हे असंच चालतं. म्हणून माझी वाचकांना नेहमी विनंती असते की पेपर आतल्या पानापासून वाचायला घ्या.

गुरुजी तसेच वाचत. आणि तेवढ्यावर थांबत नसत. अशी बातमी दिसली की ते त्या माणसाला पोस्टकार्ड लिहायचे. आपल्या देशात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी आलं, तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. पन्नास पैशांचं झालं तरी ते गोरगरिबाच्या आवाक्यातलं राहिलं. बातमीत पत्ता नसायचा, म्हणून गुरुजी पत्त्याच्या जागी लिहायचे: दागिन्यांची पिशवी परत करणारे रिक्षाचालक, बसस्थानकासमोरील रिक्षा थांबा, आणि खाली तालुका, जिल्हा. पोस्टमन बरोबर नेऊन द्यायचे. गुरुजींच्या वहीत या कार्डांची नोंद आहे आणि आलेली उत्तरं पानांना डकवलेली आहेत. त्यांच्या कन्येने ती वही मला दाखवली. एका रिक्षावाल्याने लिहिलं आहे की तुमचं कार्ड थांब्यावरच्या सगळ्यांनी वाचलं आणि मी ते समोरच्या काचेला आतून चिकटवलं आहे. त्या कार्डाने पुढे त्या रिक्षात बसलेल्या प्रत्येकाला त्या माणसाची ओळख करून दिली असेल. बातमी एका दिवसाची होती, कार्डाने तिचं आयुष्य वाढवलं.

वर्तमानपत्रंही हे काम करू शकतात, आणि करतातही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. गणपती विसर्जनाहून लोक घरी येऊन झोपले होते आणि किल्लारी परिसरात भूकंपाने हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. त्यानंतर वर्तमानपत्रांनी मदतनिधी उघडले आणि देणगीदारांच्या याद्या छापल्या. त्या याद्या मी प्रुफाला वाचल्या आहेत. मोठ्या रकमांच्या खाली अकरा रुपये, एकवीस रुपये, ‘एक हितचिंतक’ अशा ओळी लागलेल्या असत. अकरा रुपये देण्यासाठी कोणीतरी कार्यालयाचा जिना चढून आलेलं असे. अलीकडचं उदाहरण ‘लोकसत्ता’च्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’चं. २०११ पासून दर गणेशोत्सवात हे दैनिक काही सामाजिक संस्थांची सविस्तर ओळख करून देतं आणि वाचक त्या संस्थांना धनादेश पाठवतात. आपल्या दारात असा माणूस आणून उभा केला तर आपण दार लावून घेत नाही, याचा हा पुरावा आहे.

पण दारात कोणाला आणायचं, हे फार काळ मोजक्यांनीच ठरवलं, हेही इथे सांगायलाच हवं. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं. त्या आरशात गावकुसाबाहेरचा माणूस दिसायला फार वाट पाहावी लागली. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधू’ काढलं. १९१० मध्ये मुकुंदराव पाटलांनी नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून ‘दीनमित्र’ चालवायला घेतलं. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला, त्याला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. दुसऱ्याच्या चांगुलपणाची गोष्ट आपण करतो तेव्हा त्या दुसऱ्याला आपल्या तोंडाने बोलण्याची जागा आहे का, हा प्रश्न आधी येतो. ती नसेल तर आपली सहृदयता वरून खाली पाहणारी होते.

अनिल अवचट यांचं लेखन मला म्हणूनच मोलाचं वाटतं. २०२२ मध्ये ते गेले. हमालांवर, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांवर त्यांनी लिहिलं ते त्यांच्याजवळ जाऊन, बसून, त्यांचं बोलणं ऐकून. पोतं किती किलोचं, दिवसाला किती खेपा, हातात पडतात किती, हे ते सांगतात, आणि वाचून झाल्यावर त्या माणसाची कीव येत नाही, त्याच्याबद्दल आदर वाटतो. आज मदत देतानाचे फोटो आपण पाहतो. शिध्याच्या एका पिशवीला पाच-सहा हात लागलेले, सगळे कॅमेऱ्याकडे बघणारे, आणि मध्ये घेणारी बाई मान खाली घालून उभी. दूरदर्शनवर दिसणारा हरवलेल्या माणसाचा चेहरा त्याला घरी आणण्यासाठी दाखवला जाई. या बाईचा चेहरा कोणाच्या उपयोगासाठी दाखवला आहे, एवढं स्वतःला विचारलं तरी असे कितीतरी फोटो आपण काढणार नाही, पुढे पाठवणारही नाही.

आता फोनबद्दल. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळ्या आल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या. त्यांच्याबरोबर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. तो व्हिडिओ मूळचा कराचीतला. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने लोकांना जागं करण्यासाठी तो केला होता. मूळ चित्रफितीत ते दोघे लगेच मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांना जपा, असं सांगणारा फलक दाखवतात. फिरणाऱ्या तुकड्यातून हा शेवट कापलेला होता. हरवलेल्या मुलांच्या काळजीपोटी केलेली गोष्ट, शेवटचे काही क्षण कापल्यावर, हत्यार झाली.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडे बाजार होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. ही भटकी माणसं पिढ्यान्‌पिढ्या दारोदार जातात. मुलं पळवणारे आले, अशी आवई उठली. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं आणि पाचही जण मेले. फोन वर धरून चित्रण करणारेही तिथे होते. पाचांपैकी प्रत्येकाच्या अंगावर कुठे तीळ, कुठे व्रण असेल, तो जवळून माहीत असलेलं कोणीतरी घरी होतं. तेवढा विचार करायला त्या जमावाने सवड घेतली नाही.

त्याच रात्री मालेगावात तीच अफवा, तसाच जमाव. परभणीकडून आलेलं, भिक्षा मागून पोट भरणारं एक कुटुंब लोकांच्या तावडीत सापडलं. पाच माणसं, त्यात दोन वर्षांचं एक मूल. तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं. जमाव बाहेर होता, पण तो रहिवासी हटला नाही. पोलीस आले, त्यांनीही जमावाचा रोष पत्करला आणि त्या पाचही जणांना जिवंत बाहेर काढलं. घरात घेणाऱ्याची आणि त्या कुटुंबाची ओळख नव्हती. जात, गाव, धर्म यांतलं काही विचारत बसायला वेळही नव्हता. मूल अंगाशी धरलेली माणसं त्याने पाहिली आणि दार उघडलं.

राईनपाड्याचं नाव आज आपल्याला ठाऊक आहे, आणि ते विसरताही कामा नये. पण मालेगावातल्या त्या घराबद्दल इथे किती जणांनी ऐकलं होतं? पाच माणसं वाचली, म्हणून ती बातमी छोटी राहिली. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा जाहीर केली. यंत्राला मर्यादा घालता येते. अनोळखी माणसासाठी दार उघडण्याची तयारी कंपनीच्या नियमाने येत नाही. ती घरात पोळ्या लाटणाऱ्या आईकडून येते, वाचनकक्षात मोठ्याने वाचणाऱ्या गुरुजींकडून येते.

आणि ती आपल्याकडे आहे, हे आपण २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये पाहिलं. तोच फोन, तेच ग्रुप. कुठल्या रुग्णालयात ऑक्सिजनचा बेड आहे, इंजेक्शन कुठे मिळेल, प्लाझ्मा कोण देईल, याचे निरोप रात्रभर फिरत. कॉलेजातली पोरं-पोरी याद्या करत. त्या याद्यांत प्रत्येक नंबरापुढे वेळ लिहिलेली असे: रात्री दहा-चाळीसला फोन करून खात्री केली, बेड आहे. तासाभराने दुसरी कोणी त्यापुढे लिही: भरला, पुढच्या नंबरावर विचारा. अफवेत सहसा अशी वेळ लिहिलेली नसते, कारण खात्री करायला कोणी फोनच केलेला नसतो. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे तो कोणाचा तरी बाप आहे, हे ज्याला पटलं तो पुढे पाठवण्याआधी फोन लावून विचारतो. पत्रकारितेत आम्ही ज्याला बातमीची खातरजमा म्हणत आलो, ती त्या मुलांनी केली. दुसऱ्याच्या जिवाची पर्वा असली की हे काम कोणी शिकवावं लागत नाही.

मित्रहो, माणसं मुळात चांगली असतात, असं मी गोड बोलून सांगायला आलेली नाही. राईनपाड्यातला जमाव आणि मालेगावातलं ते दार, दोन्ही एकाच दिवसाचे आहेत. मला एवढंच दाखवायचं होतं की क्रौर्य आपोआप आपल्यापर्यंत पोहोचतं आणि चांगुलपणा कोणीतरी पोहोचवावा लागतो. तो पोहोचवणारे हात आपले असले पाहिजेत. म्हणून आजच्या मानधनाची पोस्टकार्डं आणून वाचनकक्षाच्या टेबलावर ठेवावीत, असं मी ग्रंथपालांना सांगितलं आहे. पेपर आतल्या पानापासून वाचा. सिंगल कॉलमातला जो माणूस मनाला भावेल त्याला चार ओळी लिहा. पत्ता अर्धवट असला तरी टाका. कोणाविषयी वाईट मजकूर फोनवर आला, तर ज्याने पाठवला त्याला फोन करून विचारा की हे तुला कोणी सांगितलं आणि कधी. जो चांगलं वागला त्याला ते कळवणं आणि जो बदनाम होतो आहे त्याच्या वतीने एक प्रश्न विचारणं, ही दोन्ही कामं या सभागृहातल्या प्रत्येकाला उद्या सकाळपासून करता येतील. ती आपण करावीत, ही विनंती.